आण्णांचं स्टेशन

खिशातल्या यंत्रातलं गाणं गाडीच्या टेपवर वाजवायचं, यात आज कुणाला काही विशेष वाटणार नाही. मोबाईल काढायचा, ब्लूटूथ लावायचं, झालं. पण 2007 साली आमच्यासारख्याला तो एक उद्योगच होता. मुळात गाडी जुनी. माझी मारुती ओम्नी, घाटकोपरच्या शाळांची पोरं सकाळ-दुपार ने-आण करणारी. तिच्यात आधीच्या मालकानं बसवलेला कॅसेटचा टेप, आडव्या पट्टीवर लाल काटा सरकणारा रेडिओ आणि मागच्या सीटच्या पाठीशी दोन स्पीकर. बाहेरून काही जोडावं असं भोक त्या टेपला कुठंच नव्हतं. आणि मला जोडायचं होतं एक एमपीथ्री प्लेअर, अंगठ्याएवढा, एका बारक्या सेलवर चालणारा. त्यात एकच गोष्ट भरलेली : आण्णांचं भजन.

आण्णा म्हणजे माझे वडील. पाटण तालुक्यातलं आमचं गाव, कोयनेच्या खोऱ्याच्या कडेला डोंगरात. आमच्याकडची निम्मी माणसं पाठीवर पोती वाहायला मुंबईत आली. माथाडी कायदा झाला 1969 साली, त्याच्या आगेमागेच आण्णा मशीद बंदरला कामाला लागले. पुढं बाजार वाशीला हलला तसे तेही हलले. राहायला मात्र घाटकोपरची भटवाडी सोडली नाही, कारण आजूबाजूला सगळी पाटण-कराडकडचीच. दिवसा पोती आणि रात्री भजन. शनिवारी रात्री आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बारा माणसं, पेटी, पखवाज आणि टाळ एवढं सगळं कसं मावायचं हे मला अजून कोडं आहे. आण्णा काळी चारमध्ये गायचे. पोती उचलून छाती अशी रुंद झाली होती की वरच्या सुराला गेले तरी मानेची शीर फुगायची नाही.

2005 च्या दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. महिनाभरानं धरून धरून चालायला लागले, पण शब्द आले नाहीत. समजायचं सगळं. पाणी हवं असलं तर तांब्याकडं बोट. राग आला तर एकच आवाज निघायचा, ‘हा, हा’, आणि तो आवाज स्वतःलाच आवडत नाही म्हणून मग तोंड फिरवून बसायचे. पुढच्या वैशाखात गावदेवीची यात्रा आली. दरवर्षी यात्रेच्या रात्रीचं भजन आण्णांनी सुरू करायचं हा रिवाज. आईनं पिशव्या भरल्या, तर आण्णांनी डाव्या हातानं एकेक पिशवी परत रिकामी केली. मग तोंडावर हात ठेवून बसले. आई म्हणाली, “आवाज न्हाय तर गावात जाऊन काय करू, म्हणत्यात.” त्या वर्षी आम्ही कुणीच गेलो नाही.

आणि आवाज होता. एका कॅसेटमध्ये होता. 1967 च्या कोयनेच्या भूकंपात गावचं देऊळ पडलं होतं. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून ते पुन्हा बांधलं आणि बऱ्याच वर्षांनी, मी शाळेत असताना, कळस चढवला. त्या रात्रीचं भजन माझ्या चुलत्यांनी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं होतं. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजूंनी गच्च. 26 जुलैच्या पावसात डोंगरावरचं पाणी आमच्या खोलीत गुडघ्याएवढं आलं तेव्हा आईनं रेशनकार्ड, माथाडी बोर्डाचं पासबुक आणि ही कॅसेट पिठाच्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला होता. कॅसेट वाचली, पण मुंबईच्या दमटपणानं फितीवर पांढरी बुरशी धरली होती. ती गाडीच्या टेपमध्ये घालायचं माझं धाडस नव्हतं. त्या टेपला फिती खायची सवय होती. पोरांची बालगीतांची एक कॅसेट त्यानं अशी गिळली होती की आतून शेवयांसारखा गुंडा ओढून काढावा लागला.

भटवाडीतल्याच एका कॉम्प्युटरवाल्या पोरानं ती कॅसेट साफ करून उतरवून दिली. तासाभराचं भजन साठेक एमबीत मावलं. मी प्लेअर घरी आणला आणि आण्णांच्या कानांत इअरफोन घातले. पहिली दोन मिनिटं ते दगडासारखे बसले. मग कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात वर, खाली, पुन्हा वर. मला काही कळेना. आईला कळलं. “पट्टी वर गेलीया म्हणत्यात.”

बरोबर होतं. पोरानं पेटीशी ताडून बघितलं, तर काळी चारची पांढरी सहा झाली होती, म्हणजे अर्ध्या सुरानं वर. चुलत्यांच्या टेपरेकॉर्डरचे सेल त्या रात्री उतरलेले असणार. सेल उतरले की भरताना फीत हळू फिरते आणि तीच फीत पुढं चांगल्या टेपवर लावली की भरभर पळते, आवाज बारीक होतो. म्हणजे इतकी वर्षं आम्ही आण्णांचं भजन जरा घाईचं ऐकत होतो. पोरानं कॉम्प्युटरवर गती सहा टक्क्यांच्या आसपास कमी केली. तासाचं भजन साडेतीन मिनिटांनी वाढलं आणि आण्णांचा गळा पुन्हा रुंद झाला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मान डोलावली. पण पाच मिनिटांतच एका कानातलं काढलं आणि आईच्या कानात घालायला लागले. मग ते काढून माझ्या. मग दोन्ही काढून प्लेअर बाजूला ठेवून दिला. भजन एकट्यानं कानात कोंबून ऐकायची गोष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं असावं. मला ते पटलं. म्हणून गाडी.

आता रस्ते कोणकोणते होते ते सांगतो, कारण मी त्या महिन्यात लॅमिंग्टन रोड आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इतका तुडवला की दुकानदार चहा विचारायला लागले. पहिला रस्ता कॅसेटचाच. दिसायला हुबेहूब कॅसेट, पण आत फीत नाही. फितीच्या जागी एक छोटं चुंबकी हेड आणि त्यातून बाहेर आलेली वायर, टोकाला इअरफोनसारखी पिन. ती पिन प्लेअरमध्ये खुपसायची आणि ही खोटी कॅसेट टेपमध्ये सारायची. टेपचं हेड फितीवरचं चुंबकत्व वाचतं. इथं ते समोरच्या हेडमधलं वाचतं. टेपला वाटतं फीत चालू आहे. मला तर ती युक्ती फारच आवडली, सोंग घेऊन घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी. दीडशे रुपयांत मिळाली. व्हॅनमधल्या पोरांना पण आवडली. “काका, तुमच्या कॅसेटला शेपूट आहे!” म्हणून ती शेपूट ओढण्यावरून रोज दोन भांडणं.

पण माझा टेप निघाला ऑटो-रिव्हर्सचा. एक बाजू संपली की आपोआप दुसरी लावणारा. या खोट्या कॅसेटला बाजूच नाहीत. आतली चाकं नीट फिरली नाहीत की टेपला वाटायचं फीत संपली, की खट्ट करून उलटा. उलटला की आवाज गुल. पुन्हा खट्ट, पुन्हा सुलट. अभंगाचं धृपद भटवाडीत आणि अंतरा थेट सर्वोदय हॉस्पिटलच्या सिग्नलला, असं भजन कोण ऐकणार? वर चाकांची किरकिर वेगळीच, पखवाजाच्या मागं कुणी सुपारी कातरतंय अशी.

दुसरा रस्ता कुर्ल्याच्या एका मेकॅनिकनं सांगितला. टेप खोलायचा, आवाजाच्या बटणाच्या पायांना वायरी डाखायच्या आणि वायरीचं टोक बाहेर काढायचं. आवाज सगळ्यांत स्वच्छ येईल म्हणाला, आणि ते खरंही असतं, कारण मधे काही सोंग नाही. पण चुकीच्या पायाला डाख लागला तर टेप कायमचा गप्प. तो म्हणाला, “गॅरंटी नहीं देगा.” मी म्हटलं, राहू दे.

तिसरा रस्ता म्हणजे एफएमची डब्बी. सिगारेट पेटवायच्या सॉकेटात ती बसवायची. माझ्या गाडीला सॉकेट नव्हता, तो वेगळा बसवून घेतला. प्लेअरची पिन डब्बीत. डब्बी म्हणजे एक चिमुकलं आकाशवाणी केंद्र. आपलं गाणं हवेत सोडतं आणि दोन हातांवरचा गाडीचा रेडिओ ते पकडतो. तुम्ही फक्त काटा त्या आकड्यावर आणायचा. माझ्या स्वस्तातल्या डब्बीवर आकडे चार-पाचच होते आणि सगळे 107 च्या आजूबाजूचे.

इथं मुंबईनं घात केला. मुंबईच्या हवेत तेव्हा 91.1, 92.7, 93.5, 94.3, 98.3, 104 अशी स्टेशनं दाटीनं बसलेली, लोकलच्या चौथ्या सीटसारखी, आणि नेमकं 107.1 वर आकाशवाणीचं रेनबो. एफएमचा स्वभाव असा की दोन लाटा एकाच जागी आल्या की जोरदार लाट बारकीला जवळजवळ पूर्ण गिळते. थोडं हे थोडं ते असं नाही. जो जबरा, तोच ऐकू येतो. घाटकोपरला आण्णांचा आलाप सुरू व्हायचा आणि बस पुढं सरकल्यावर मागचा माणूस दिसावा तसं मधेच रेनबोवरचं हिंदी गाणं उभं राहायचं. आकडा बदलून 107.3 वर गेलो तर खरखर. डब्बीसोबत प्लेअरचा चार्जर लावला की आणखी एक भूत : ॲक्सिलरेटर दाबला की ‘ऊंऽऽईंऽऽ’ असा आवाज चढत जायचा. तो अल्टरनेटरचा. त्याला उपाय साधा, चार्जर काढायचा आणि सेलवरच वाजवायचं. आणखी एक सांगतो, ज्यांच्याकडं अजून जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी : प्लेअरचा आवाज तीन चतुर्थांश ठेवावा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणानं करावं. प्लेअर बारीक ठेवून गाडीचं बटण पिळलं तर खरखरच मोठी होते.

असं करत 2007 चा वैशाख आला. शाळांना सुट्टी, व्हॅन रिकामी. आण्णांना आम्ही गावाला चाललो असं सांगितलंच नाही. आई म्हणाली, “पनवेलपातूर हवा खायला जाऊ.” पनवेल आलं, गेलं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. ‘हा, हा’ सुरू झालं. डाव्या हातानं दाराची कडी चाचपायला लागले. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. वैशाखात सीट तव्यासारखी तापते, त्यात हा प्रसंग, मला दरदरून घाम फुटला. मागं बायको पोराला धरून बसलेली. गाडी बाजूला घ्यावी तर एक्स्प्रेसवे. मी काही न बोलता प्लेअर चालू केला. रेनबो होतंच छातीवर बसलेलं. खरखर, निवेदिकेचं हसू, मधेच टाळ, पुन्हा खरखर.

आणि भाताणचा बोगदा आला.

बोगद्यात शिरलो की आकाशवाणी गेली. डोंगराच्या पोटात तिची लाट कुठून येणार? राहिली फक्त सॉकेटातली डब्बी. गाडी भरून आण्णांचा आवाज आला, असा मोठा की पोरगं दचकलं. काळी चार. मागं पखवाज, मंडळींची उचल, आणि त्या रात्री देवळात कुठंतरी रडणारं एक लहान मूल. पुढचं मिनिटभर मी रस्त्यावरून नजर काढू शकत नव्हतो, म्हणून जे झालं ते मी आधी ऐकलं. डावीकडून दुसरा आवाज यायला लागला. जाड, फाटका, पण सुरात. आधी नुसता हुंकार. मग धृपद परत आलं तेव्हा त्यात शब्द होते. लडबडलेले, पण शब्द. दीड वर्षात ‘पाणी’ म्हणता आलं नव्हतं त्या माणसाच्या तोंडून अभंगाची ओळ.

बोगद्याबाहेर आलो आणि रेनबोनं पुन्हा उडी मारली. पण आण्णा थांबले नाहीत. ते कडवं त्यांनी संपवलं. आई मागून त्यांच्या खांद्याला धरून होती. तिनं विचारलं, “पाणी पाहिजे का?” आण्णांनी तोंड उघडलं, आणि ‘हा’. बास, तेवढंच. गाण्यातला शब्द बोलण्यात आला नाही.

पुढं मुंबईत परतल्यावर बोलायचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला समजावलं. भाषेचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूत चालतं, सुरांचा मोठा वाटा उजव्याकडं. डावा मेंदू दुखावला की बोलणं जातं, तरी पाठ असलेलं गाणं पुष्कळदा शाबूत राहतं. बोस्टनच्या डॉक्टरांनी 1973 सालीच यावरून शब्द सुरात म्हणवून घ्यायची एक उपचारपद्धत काढलेली आहे. झटका आल्यावर पहिल्या महिन्यात हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्या हॉस्पिटलात होतो तिथं एका खाटेवर दोन पेशंट, तिथं गाण्याची चौकशी कोण करणार?

खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत रेनबो मधूनमधून डोकावत राहिलं. पुण्याजवळ आणखी नवे आवाज येऊन गेले. खंबाटकीच्या घाटात डोंगर पुन्हा आमच्या बाजूनं उभा राहिला. उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठेच्या बाजूला वळलो आणि 107 मोकळं झालं. डोंगरांच्या आड त्या आकड्यावर कुणीच बोलत नव्हतं. काय ती शांतता! प्लेअरचा सेल मी तोवर एकदा बदलला होता. आण्णा मधे झोपायचे, उठायचे, बोटानं खूण करायचे, पुन्हा पहिल्यापासून. दाराची कडी त्यांनी परत चाचपली नाही.

गावात पोचलो तर दिवस मावळलेला. पारापाशी गाडी लावली. आण्णा उतरेनात. सीटवर बसूनच देवळाकडं बघत राहिले. त्यांच्या मंडळातले सहा-सात म्हातारे आले, पखवाजवाले नाना सगळ्यांत पुढं. कुणी काय बोलावं कुणाला सुचेना. नानांनी नुसता आण्णांचा उजवा हात, तो लोंबता, उचलून स्वतःच्या हातात धरला. मी प्लेअर लावला.

शेजारी एक वडापची जीप उभी होती, यात्रेची माणसं आणणारी. तिचा ड्रायव्हर तरणा पोरगा. स्टेशन लागतंय का म्हणून तो काटा फिरवत बसला होता. त्याच्या जीपला मागं हे एवढाले स्पीकर. एकदम त्याच्या स्पीकरमधनं आण्णाच गायला लागले. पोरगं चरकलंच. “आयला, हे कंचं स्टेशन?” आमच्या डब्बीचा पल्ला पाच-सात पावलांचा. जीप नेमकी तेवढ्यात होती. पारावर एकाकडं ट्रान्झिस्टर होता, तो त्यानं गाडीजवळ आणून 107 वर लावला. मग ओम्नी, जीप आणि ट्रान्झिस्टर अशा तीन ठिकाणांहून एकच भजन. नाना पखवाज आणायला माणूस धाडून मोकळे. टाळ आले. कळसाच्या रात्री त्यांनीच वाजवलेल्या पखवाजावर नाना पुन्हा पखवाज वाजवत होते आणि मधेमधे स्वतःवरच वैतागत होते, “तवा चुकलू हुतो की रं हितं!” आण्णा गाडीत बसून, डाव्या हातानं दाराच्या पत्र्यावर ताल धरून गात होते. अर्धे शब्द टेपमधले, अर्धे त्यांचे. कुठले कुठले ते मला अंधारात सांगता आलं नसतं.

इंजिन बंद होतं. तासाभरानं मी म्हणालो, “नाना, बॅटरी उतरंल हां.”

“उतरू दे. ढकलाय आमी हाय की.”

उतरलीच. दुसऱ्यांदा चाललेलं भजन गजराच्या तोंडाशी आलं आणि रेडिओचा दिवा विझला. जीपही गप्प, ट्रान्झिस्टरही गप्प. आण्णांनी मात्र गजर सोडला नाही. मंडळींनी उचल घेतली. गजर झाला, आरती झाली, जेवणं झाली. मग रात्री साडेअकराला, गाडी पारावरून हलवायची म्हणून सहा म्हातारे आणि जीपवाला पोरगा मागनं लागले. मी दुसऱ्या गिअरवर क्लच दाबून बसलो, आण्णा शेजारी. देवळाच्या उताराला गाडी लागली, क्लच सोडला, इंजिन फुरफुरलं. रेडिओचा दिवा लागला. प्लेअर त्याच्या सेलवर आपला चालूच होता, कितव्या फेरीला देव जाणे. एकदम मधल्याच कुठल्यातरी अभंगाचं कडवं आलं. आण्णांनी ते ओळखलं आणि दुसऱ्या शब्दाला धरलं.

मागनं नाना धापा टाकत ओरडत होते, “अरं थांब, थांब! आमास्नी घे की आत!”